लक्झरी गाडी पासिंगला नेण्याआधी (आणि जुनी घेण्याआधी) काय काय बघायचं

मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात. एक म्हणजे, एवढी महागाची गाडी, ती पासिंगला नापास कशाला होईल? आणि दुसरा बरोबर उलटा, की जुनी लक्झरी गाडी म्हणजे दर पासिंगला डोक्याला ताप, खरंय ना? दोन्हीचं उत्तर खरं तर एकच आहे. ती गाडी आत्ता कितव्या मालकाकडे आहे आणि तो मालक तिच्या खाली वाकून कधी बघतो का, यावर सगळं ठरतं, बोनेटवरचा लोगो कुठला आहे यावर फार कमी ठरतं.

पासिंगच्या पहिल्या एकदोन तपासण्यांमधे लक्झरी गाड्या मस्त पास होतात, यात शंका नाही. कारण तोपर्यंत गाडी पहिल्या मालकाकडे असते किंवा कंपनीच्या नावावर लीजवर असते, सर्व्हिस वेळेवर होते, टायर कुरकुर न करता बदलले जातात, आणि तपासणीला जाण्याआधी सर्व्हिस सेंटरवालेच सगळं बघून घेतात. मग गाडी विकली जाते, किंमत निम्म्याहून खाली येते, पण पार्टची किंमत मात्र खाली येत नाही ना, ती नव्या गाडीचीच राहते. तिसरा मालक गाडी हॅचबॅकच्या भावात घेतो आणि एअर सस्पेन्शनचा फुगा (स्प्रिंगच्या जागी गाडीला तोलून धरणारा हवेचा रबरी फुगा) बदलायची वेळ आली की "चालतंय की अजून" म्हणून पुढे ढकलतो. नापास व्हायला सुरुवात इथून होते. म्हणून कुठलंही मॉडेल "पासिंगला चांगलं" की "वाईट" असं सरसकट बोललेलं मला पटत नाही.

अजून एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करून घ्या. तपासणीत ब्रेक, टायर, सस्पेन्शन, स्टीअरिंग, लाइट, काच, सीट बेल्ट, गंज आणि धूर हे बघतात. गिअरबॉक्स झटके मारतो का, इंजिन तेल पितं का, मोठी स्क्रीन मधेच काळी होते का, सीट गरम होते का, हे कोणीही बघत नाही. त्यामुळे पास झालेली गाडी म्हणजे बिनखर्चाची गाडी असं अजिबात नाही, आणि नंबर प्लेटचा लाइट गेला म्हणून नापास झालेली गाडी म्हणजे भंगार असंही नाही.

आधी आकडे कसे वाचायचे ते

नियम देशागणिक वेगळे आहेत. जर्मनीत नवी खासगी गाडी ३ वर्षांनी पहिल्यांदा तपासतात आणि मग दर २ वर्षांनी, जपानमधेही साधारण तसंच, ब्रिटनमधे ३ वर्षांनी आणि मग दरवर्षी. ब्रिटनची ही एमओटी टेस्ट १९६० ला सुरू झाली तेव्हा फक्त १० वर्षं जुन्या गाड्यांसाठी होती, मग १९६७ पर्यंत ती मर्यादा ३ वर्षांवर आली. युरोपियन युनियनचा २०१४ चा नियम सांगतो की उशिरात उशिरा ४ वर्षांनी पहिली आणि मग निदान दर २ वर्षांनी, आणि दोष तीन प्रकारात मोडायचे, किरकोळ, मोठे आणि धोकादायक. किरकोळ असेल तर गाडी पास होते पण शेरा पडतो. हा शेरा म्हणजे पुढच्या वेळचा निकाल असतो असं समजा, त्यावर खाली बोलतोच.

जर्मनीत टीयूव्हीचा, म्हणजे तिथे गाड्या तपासणाऱ्या संस्थांचा, दरवर्षी एक रिपोर्ट निघतो, त्यात कुठल्या मॉडेलच्या किती टक्के गाड्यांमधे मोठे दोष सापडले ते वयाच्या गटांप्रमाणे दिलेलं असतं, २-३ वर्षं, ४-५ वर्षं, असं पुढे १२-१३ पर्यंत. त्या यादीत पोर्शे ९११ वर्षानुवर्षं वरच्या नंबरांमधे दिसते आणि लोक लगेच निष्कर्ष काढतात की बघा, महाग गाडी म्हणजे टिकाऊ. पण त्याच तक्त्यात शेजारी सरासरी किती किलोमीटर चालली तेही लिहिलेलं असतं आणि तो रकाना कोणी वाचत नाही. ९११ बऱ्याचदा घरातली दुसरी तिसरी गाडी असते, गॅरेजमधे झाकून ठेवलेली, कमी चाललेली, मालक तिच्यावर जीव टाकणारा. तिची तुलना रोज हायवेवर पळणाऱ्या डिझेल सेडानशी कशी करणार? मला वाटतं ९११ चांगलीच बनवलेली गाडी आहे, पण त्या आकड्यात निम्मं श्रेय मालकाचं आहे.

उलट उदाहरण टेस्ला मॉडेल ३ चं. टीयूव्हीच्या २०२४ च्या रिपोर्टमधे २-३ वर्षांच्या गटात ती सगळ्यात शेवटी होती, १४.७ टक्के गाड्यांमधे मोठे दोष. हे वाचून लोक म्हणाले इलेक्ट्रिक गाड्याच वाईट. पण दोष कशात होते बघा, सस्पेन्शन, लाइट आणि ब्रेक डिस्क. मोटर आणि बॅटरीचा तिथे संबंधच नाही. गाडी जड, आणि वेग कमी करताना मोटरच गाडी थांबवते म्हणून खऱ्या ब्रेकचा वापर कमी, मग डिस्कवर गंज बसतो. आणि दरवर्षी सर्व्हिसला न्यायची सक्ती नाही, त्यामुळे पहिल्या तपासणीपर्यंत गाडीखाली कोणी डोकावलेलंच नसतं. मोठ्या हायब्रिड एसयूव्हींना वजनाचं आणि ब्रेकचं हेच लागू होतं.

म्हणून आकडे बघताना एकच वयाचा गट घ्या, किलोमीटरचा रकाना शेजारी ठेवा आणि मग टक्के बघा. जवळपास सारखी चाललेली दोन मॉडेलं असतील तरच तुलनेला अर्थ आहे. आणि एक लक्षात ठेवा, बऱ्याच गाड्या तपासणीच्या आधी गॅरेजमधे नीट करूनच पुढे केल्या जातात, ते दोष आकड्यात येतच नाहीत. महागड्या गाड्यांच्या बाबतीत हे जास्त होतं.

एका गाडीची कुंडली

जुनी लक्झरी गाडी घ्यायची असेल तर मॉडेलच्या टक्क्यांपेक्षा त्या एका गाडीचे जुने रिपोर्ट शंभर पट कामाचे. ब्रिटनमधे नुसता गाडीचा नंबर टाकला की २००५ पासूनच्या तपासण्यांचा इतिहास सरकारी वेबसाइटवर फुकट दिसतो, नापास कशामुळे झाली, शेरे काय होते, मीटर किती होतं, सगळं. जिथे असं ऑनलाइन मिळत नाही तिथे मालकाकडे जुने रिपोर्ट मागा, आणि नुसतं पासचं सर्टिफिकेट नको, शेरे लिहिलेला कागद मागा. तो देताना मालक टाळाटाळ करायला लागला तर मी तरी पुढे बोलणी करत नाही.

मी ते कागद असे वाचतो. सगळ्यात आधी मीटरचे आकडे ओळीने लिहून काढतो, दोन तपासण्यांमधे किती चालली ते कळतं, कुठे आकडा मागे गेला असेल तर विषयच संपला. मग एखादं वर्ष असं दिसतं की गाडी दोनपाचशे किलोमीटरच चालली. म्हणजे उभी होती. उभी गाडी स्वस्त पडते हा गैरसमज आहे, उभ्या गाडीचे ब्रेक गंजतात, टायरचं रबर कडक होतं, बॅटरी मरते.

मग शेरे. एकच शेरा लागोपाठ तीन वर्षं दिसला, समजा "पुढच्या लोअर आर्मच्या बुशला थोडा प्ले" (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याच्या रबरी सांध्यात थोडा सैलपणा), आणि चौथ्या वर्षी त्याच्यावरच नापास, तर कळून येतं की हा मालक नापास होईपर्यंत हात लावत नाही. असा मालक गिअरबॉक्सचं तेल तरी कशाला बदलेल? उलट शेरा एकदा आला आणि पुढच्या वर्षी गायब, तर ती गाडी बघायला जा. आणि नापास होऊन परत पास व्हायला किती दिवस लागले तेही बघा. बल्बवर नापास आणि अर्ध्या तासात पास, ठीक आहे, होतं असं. पण सस्पेन्शनवर नापास आणि पास दोन महिन्यांनी, म्हणजे मधे खर्चाचा आकडा ऐकून मालक विचारात पडला होता. अशा गाडीत स्वस्तातला पार्ट टाकलेला असायची शक्यता जास्त, तिथे गाडी रॅम्पवर चढवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

गंजाच्या बाबतीत एक सांगतो. १९९४ ची ऑडी ए८ अॅल्युमिनियमच्या बॉडीची आहे, २००३ ची जग्वार एक्सजे तशीच, २०१२ ची रेंज रोव्हरही. अॅल्युमिनियमला लोखंडासारखा लाल गंज चढत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात, पण खालची सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारा सांगाडा), ब्रेकच्या नळ्या, बोल्ट हे लोखंडाचे असू शकतात आणि तपासणारा नेमका तिथे बघतो. दुसऱ्या बाजूला १९९५ ते २००२ मधली मर्सिडीज ई-क्लास, डब्ल्यू२१० म्हणतात ती, ती गंजासाठी इतकी बदनाम झाली की आजही लोक ती घेताना आधी मडगार्ड आणि दाराच्या खालच्या कडा बघतात, इंजिन नंतर. नुसत्या नावावर जाऊ नका.

आता स्वतःच्या गाडीची तयारी, टायरपासून

हे सगळं तारखेच्या तीन आठवडे आधी करायचं. आदल्या दिवशी करून उपयोग नाही, कारण या गाड्यांचे पार्ट दुकानात आयते मिळत नाहीत, ऑर्डर द्यावे लागतात आणि त्यात आठवडा सहज जातो.

टायरला मी सगळ्यात वर ठेवतो, कारण माझी स्वतःची गाडी त्याच्यावर नापास झालेली आहे. आठ वर्षं जुनी मोठी सेडान, एअर सस्पेन्शनवाली. मी निघायच्या आधी टायर बघितले होते, बाहेरून चांगली ४ मिमी नक्षी होती, मी निवांत. तपासणाऱ्याने गाडी वर घेतली, मला खाली बोलावलं, टॉर्चचा उजेड मागच्या टायरच्या आतल्या कडेवर टाकला आणि म्हणाला हे बघा. साधारण दोन बोटं रुंदीची पट्टी पूर्ण गुळगुळीत झाली होती आणि एका जागी रबर संपून आतली तार चमकत होती, केसाएवढी बारीक, पण स्पष्ट. मागे माझ्या घरचे बसले होते आदल्याच आठवड्यात, हायवेला, त्या वेगात. तो क्षण मी विसरणार नाही आणि म्हणूनच हा भाग एवढा सविस्तर लिहितोय.

असं का होतं तर या गाड्यांची मागची चाकं वरून थोडी आत झुकलेली असतात, म्हणजे निगेटिव्ह कॅम्बर, वळणावर पकड राहावी म्हणून. टायर रुंद, गाडी दोन टनांची, आणि सस्पेन्शन वयाने थोडं खाली बसलं की झुकाव अजून वाढतो, त्यात टो (चाकं सरळ पुढे न बघता किती आतबाहेर वळलेली आहेत ते) बिघडलेला असेल तर आतली कड खरवडून निघते. शिवाय पुढचे मागचे टायर वेगवेगळ्या साइजचे असले की ते पुढेमागे फिरवताही येत नाहीत, मग झीज एकाच जागी होत राहते.

बघायचं कसं, तर पुढच्या चाकांसाठी स्टीअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, आतली कड समोर येते. मागच्यासाठी जमिनीवर आडवं होऊन टॉर्च मारा, हातमोजा घालून आतल्या कडेवरून हात फिरवा, मोजा नसेल तर हात लावू नका, तार बोटात घुसते. आणि हे महत्वाचं आहे, एअर सस्पेन्शनवाल्या गाडीच्या खाली किंवा चाक आणि मडगार्डच्या मधे डोकं घालू नका, गाडी अचानक खाली बसू शकते. नुसत्या जॅकवर उचलून खाली जायचं तर नावच काढू नका, कुठल्याच गाडीत. नीट बघायचं असेल तर टायरवाल्याकडे जा, त्याच्याकडे लिफ्ट असते, दहा मिनिटांचं काम आहे.

बऱ्याच देशांत नक्षीची मर्यादा १.६ मिमी आहे, आणि नक्षीच्या खाचांमधे जे छोटे उंचवटे दिसतात ते नेमके तेवढ्याच उंचीचे असतात, टायर त्यांच्या पातळीला आला म्हणजे संपला. ब्रिटनमधे ही नक्षी मधल्या तीन चतुर्थांश रुंदीत मोजतात, म्हणजे अगदी आतली कड थोडी झिजलेली असली तरी नक्षीच्या नियमात बसू शकते, पण तार दिसली तर कुठेही दिसली तरी नापास. टायरच्या बाजूला फुगा आलाय का तेही बघा, कमी उंचीच्या टायरला खड्ड्यात आपटून येतो. आणि स्वस्त टायर टाकताना साइजच्या पुढचा लोड नंबर बघा, जड गाडीला जास्त वजनाचा टायर लागतो, नुसती साइज जुळली म्हणून चालत नाही.

सस्पेन्शन

साध्या गाडीत पुढे एका बाजूला एक लोअर आर्म आणि एक शॉकअप असतो. लक्झरी गाडीत त्याच जागी तीन चार आर्म असतात, प्रत्येकाला बुश, प्रत्येकाला बॉल जॉइंट. गाडी मऊ चालते ती त्यामुळेच, पण प्ले यायच्या जागाही तेवढ्याच वाढतात. ज्या तपासणी केंद्रात खड्डा असतो तिथे चाकाखालच्या प्लेट हलवतात आणि खालून बघतात कुठला सांधा सैल हलतोय. घरी तुम्हाला आवाजावरून कळतं, हळू वेगात ब्रेक दाबला की "टक्", स्पीड ब्रेकरवरून उतरताना "टक् टक्", किंवा हायवेला ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरतं.

आर्म बदलणार असाल तर मिस्त्रीला एक गोष्ट नक्की विचारा, बुशचे बोल्ट शेवटचे कधी आवळणार? गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळले तर गाडी खाली ठेवल्यावर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि नवा आर्म असून थोड्याच महिन्यात फाटतो. गाडी जेवढ्या उंचीवर उभी राहते त्या उंचीला चाक आणून मगच शेवटचं टॉर्क द्यायचं असतं. चांगल्या मिस्त्रीला हे सांगावं लागत नाही, पण विचारायला काय जातं. आणि काम झाल्यावर अलाइनमेंट पाहिजेच, नाहीतर वर सांगितलेली टायरची गोष्ट परत.

एअर सस्पेन्शनसाठी सोपी टेस्ट आहे. संध्याकाळी सपाट जागी गाडी लावा, चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मापं घ्या, कागदावर लिहा, सकाळी गाडी उघडायच्या आधी परत घ्या. उघडायच्या आधी का, तर काही गाड्या दार उघडताच स्वतःला उचलायला लागतात. चारही कोपऱ्यात जराजरा फरक पडला तर काळजीचं नाही. एकच कोपरा चांगला तीन चार सेंटिमीटर बसला तर त्या कोपऱ्याचा फुगा किंवा त्याची नळी गळतेय, साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे दिसतात, बऱ्याचदा रबराची जिथे घडी पडते तिथेच चिरा असतात. हे पुढे ढकलू नका, कारण गळती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो आणि शेवटी तोही जळतो, मग एका पार्टच्या जागी दोन.

लाइट

नापास व्हायचं जगभरातलं एक नेहमीचं कारण आहे हे, आणि लक्झरी गाडीत ते वेगळ्या कारणाने होतं. झेनॉन आणि एलईडी हेडलाइटवाल्या गाडीत मागच्या किंवा पुढच्या आर्मला एक छोटा सेन्सर असतो, त्याला काडीएवढी प्लास्टिकची लिंक असते, ती गाडी किती झुकलीय ते सांगते आणि हेडलाइट आपोआप खालीवर होतात. आर्म बदलताना ही काडी तुटते किंवा लावायची राहून जाते, आणि हेडलाइट एकतर पायापाशी पडतात किंवा समोरच्याच्या डोळ्यात. म्हणून सस्पेन्शनचं काम केलं असेल तर रात्री भिंतीसमोर गाडी लावून डिपरची रेघ बघा, दोन्हीकडे सारख्या उंचीवर आहे का. एलईडीचं एखादं युनिट गेलं तर नुसता बल्ब बदलता येत नाही, बऱ्याचदा पूर्ण दिवाच घ्यावा लागतो, आत वाफ धरली असेल तर आत्ताच सील बघून घ्या. झेनॉनला जिथे हेडलाइट वॉशर लागतो तिथे तो चालतोय का बघा, टाकीत पाणी असूद्या. बाकी नंबर प्लेटचे दिवे, तिसरा ब्रेक लाइट, फॉग, रिव्हर्स, हे कोणाला तरी मागे उभं करून एकदा बघून घ्या, संपलं.

ब्रेक

कमी चाललेल्या गाडीची मागची डिस्क बघा, रिमच्या फटीतून दिसते. घासून चकाकणारी पाहिजे, कडेला थोडा गंज चालतो पण मधे पट्टे किंवा खड्डे पडले असतील तर ब्रेक कमी भरतो आणि तपासणी केंद्रातल्या ब्रेक मोजायच्या रोलरवर लगेच पकडला जातो. हायब्रिड, इलेक्ट्रिकवाल्यांनी मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, आठवड्यातून दोन चार वेळा जरा जोरात ब्रेक मारायची सवय ठेवा. काही गाड्यांत मागच्या डिस्कच्या आत हँडब्रेकचे छोटे शू असतात, ऑटोमॅटिकवाले हँडब्रेक कधी ओढतच नाहीत आणि ते आतल्या आत गंजून बसतात, त्याचाही वापर करत जा.

गाडी कायमची फोर व्हील ड्राइव्ह असेल तर तपासणाऱ्याला आधीच सांगा. अशा गाड्या एकाच अॅक्सलच्या रोलरवर चढवल्या तर ट्रान्सफर केसचं (पुढच्यामागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचं) नुकसान होऊ शकतं, त्यांचा ब्रेक चालवून वेगळ्या यंत्रावर मोजतात. इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकला काही गाड्यांत टेस्टचा खास मोड असतो, तो कसा लावायचा ते गाडीच्या पुस्तकात बघून ठेवा.

डॅशबोर्डवरचे लाइट

इथे लक्झरी गाड्या सगळ्यात जास्त फसतात, कारण सेन्सरच एवढे. ब्रिटन आणि युरोपात एअरबॅग, एबीएस, स्टॅबिलिटी कंट्रोल यातला एक जरी लाइट पेटलेला राहिला तरी गाडी अडकते, आणि ब्रिटनमधे २०१८ पासून फार जुन्या नसलेल्या गाड्यांना इंजिनचा चेक लाइटही चालत नाही. तपासणारा दोन गोष्टी बघतो, इग्निशन ऑन केल्यावर लाइट लागतो का आणि नंतर विझतो का. काहीजण लाइटच बंद करून टाकतात, ते पकडलं जातं, आणि पकडलं गेलं नाही तरी एअरबॅग उघडणार नाही हे तुम्हाला माहीत असताना घरच्यांना त्या सीटवर बसवणार का?

काही करायच्या आधी बॅटरी तपासा. हे मी कळकळीने सांगतोय. या गाड्यांत व्होल्टेज जरा खाली गेलं की एबीएस, सस्पेन्शन, स्टीअरिंग, सगळ्याच्या खोट्या चुका एकदम दिसायला लागतात आणि माणूस घाबरून सेन्सर बदलत बसतो. आदल्या रात्री चार्जर लावा. बॅटरी नवी टाकली तर बऱ्याच गाड्यांत स्कॅनरने ती गाडीला कळवावी लागते, नाहीतर चार्जिंग जुन्या बॅटरीच्याच हिशोबाने होत राहतं. एअरबॅगच्या लाइटसाठी पहिला संशय सीटखालच्या वायरच्या कनेक्टरवर घ्या, इलेक्ट्रिक सीट पुढेमागे करून किंवा खाली काहीतरी कोंबून तो सैल होतो. पण स्वतः ओढाताण करू नका, इग्निशन बंद आणि बॅटरी काढूनच तिथे हात लावायचा असतो, जाणकाराकडून करून घ्या.

आणि स्कॅनर लावून गाडीने साठवलेले दोषाचे कोड पुसून सरळ तपासणीला जाऊ नका. कोड पुसला की गाडीच्या आतल्या स्वतःच्या चाचण्याही शून्यावर येतात, त्या परत पूर्ण व्हायला थंड इंजिन सुरू करण्यापासून हायवेपर्यंत काही दिवसांचं चालवणं लागतं. अमेरिकेत ज्या राज्यांमधे धूर तपासणी होते तिथे हेच बघतात, २००१ नंतरच्या गाडीला साधारणपणे एकच चाचणी अपूर्ण चालते, त्याहून जास्त असल्या की परत या. आधी दोष शोधा, दुरुस्त करा, मग पुसा आणि आठवडाभर नेहमीसारखी चालवा.

धूर

पेट्रोल गाडीत कॅटलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या नळीतला धूर स्वच्छ करणारा भाग) गरम असेल तरच आकडे बरोबर येतात, मोठ्या इंजिनला तापायला वेळ लागतो, म्हणून तपासणीच्या आधी अर्धा तास तरी गाडी चालवून न्या, आणि तिथे रांगेत इंजिन बंद करून तासभर बसू नका. हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा लॅम्डा ०.९७ ते १.०३ मधे लागतो. तो जास्त आला तर लगेच महागडा ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका, आधी सायलेन्सरचे जोड बघा, बारीक चीर असली की बाहेरची हवा आत ओढली जाते आणि आकडा वर जातो. एका वेल्डिंगमधे काम होतं कधीकधी. डिझेलवाल्यांनी आदल्या आठवड्यात एकदा लांब हायवेची चक्कर मारा म्हणजे डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमधली) काजळी जळून तो साफ होतो, फक्त गावातल्या गावात फिरणाऱ्या मोठ्या डिझेल गाडीत तो तुंबतोच. डीपीएफ काढून टाकलेली गाडी घेऊच नका, मूळ गाडीला होता आणि आता नाही, एवढ्यावरच युरोपात नापास करतात.

काच आणि वायपर पटकन बघून घ्या. ब्रिटनमधे ड्रायव्हरच्या समोर २९० मिमी रुंदीच्या पट्ट्यात १० मिमीपेक्षा मोठा तडा चालत नाही, बाकी वायपर फिरतो त्या भागात ४० मिमीपर्यंत. लक्झरी गाडीच्या काचेमागे कॅमेरा असतो, काच बदलली तर तो परत कॅलिब्रेट करावा लागतो, म्हणून छोटा खडा लागला की लगेच भरून घ्या, काच वाचते.

तपासणीच्या दिवशी आणि नंतर

डिक्की रिकामी ठेवा, हवा सकाळी थंड टायरमधे दारावरच्या स्टिकरप्रमाणे भरा, सस्पेन्शन नॉर्मल उंचीवर ठेवा, स्पोर्ट मोडमधे खाली बसवलेली गाडी नेऊ नका. चाकाचे बोल्ट लॉकवाले असतील तर त्याची चावी कुठे आहे ते आधी शोधा. जमलं तर तारीख संपायच्या आधीच जा, ब्रिटनमधे एक महिना आधी एक दिवस कमी एवढं लवकर गेलात तरी पुढची तारीख तीच राहते, म्हणजे नापास झालात तरी दुरुस्तीला वेळ मिळतो.

तपासणाऱ्याला विनंती करा की गाडी वर असताना मला खाली येऊन बघू द्या. सगळीकडे परवानगी नसते, पण जिथे असते तिथे नक्की जा, मोबाइलमधे बुश, डिस्क, टायरच्या आतल्या कडा, फुगे, सगळ्याचे फोटो काढा, तारखेसह ठेवा. पुढच्या वर्षी तेच फोटो समोर धरले की कुठला बुश किती फाटला ते स्वतःच्या डोळ्यांनी कळतं, कोणाच्या सांगण्यावर राहावं लागत नाही.

पास झाली आणि दोन तीन शेरे पडले, तर तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकून विसरू नका. मी शेऱ्यांसमोर पेनाने तीन अक्षरं लिहितो. टायर, ब्रेक, स्टीअरिंगचं काही असेल तर "आ", म्हणजे याच आठवड्यात. बुश, लिंक रॉड, सुरुवातीची गळती असेल तर "स", पुढच्या सर्व्हिसला, आणि पार्टची ऑर्डर त्याच दिवशी टाकतो. वरवरचा गंज वगैरे असेल तर "ल", लक्ष ठेवायचं. माझ्या त्या सेडानच्या गेल्या वेळच्या कागदावर एकच शेरा आहे, मागच्या डाव्या टायरची आतली कड, ३ मिमी. त्याच्यासमोर मी "आ" लिहिलं, दोन दिवसांनी अलाइनमेंट करून घेतली, आणि आता दर रविवारी सकाळी मोजा घालून हात फिरवून बघतो.